हौसाक्काचं पोट

“...मग आपण वाट तरी कसली बघतोय, बाई?”

डॉ. अभिराम दळवीचा आवाज जरा चढलाच. गडहिंग्लजकडच्या त्या चाळीस खाटांच्या दवाखान्यात बाईंशी असं कुणी बोलत नसे.

बाई म्हणजे डॉ. वत्सला नाडगौडा. वय बहात्तर, त्यातली पंचेचाळीस वर्षं सर्जरीत गेलेली. अभिराम पुण्याहून सुवर्णपदक घेऊन त्यांच्या हाताखाली शिकायला आला होता. खरं तर, आपण काय शिकलोय ते दाखवायला.

खाटेवर हौसाक्का होत्या. जुन्या सुईण. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर जन्मलेली. पोट टम्म फुगलं होतं, हिरव्या उलट्या होत होत्या, वारा सरत नव्हता. थोड्या थोड्या वेळानं कळ यायची आणि त्या खाटेची दांडी धरून ओरडायच्या.

पूर्वी दोन ऑपरेशनं झाली होती. एक अपेंडिक्सचं, एक गर्भपिशवीचं. त्या जखमा भरताना पोटात चिकट पट्टे तयार झाले होते, आणि आता त्यांत आतडं अडकलं होतं.

“एक्स-रे स्पष्ट आहे,” अभिराम म्हणाला. “पोट उघडू, पट्टे कापू. तासाभराचं काम.”

“आणि ही नवी जखम भरताना?”

अभिरामनं एक्स-रे खाली ठेवला.

“ताप नाही, नाडी ठीक आहे, पोट मऊ आहे. अशी बरीच आतडी आपली आपण सुटतात,” बाई म्हणाल्या. “नाकातून नळी घाल. तोंडानं पाण्याचा थेंब द्यायचा नाही. सलाइन चालू ठेव.”

“आणि आपण?”

“आपण बसायचं.”

बाईंनी स्टूल ओढलं आणि खरोखरच बसल्या. ओपीडीला जायच्या, परत येऊन बसायच्या. दर दोन तासांनी पोटावर हात ठेवायच्या, स्टेथोस्कोप लावायच्या, वाकून हौसाक्कांना हळूच काहीतरी विचारायच्या. वय झालंय, अभिरामच्या मनात आलं. हात कचरतोय.

पण दुसऱ्या दिवशी रिपोर्ट चांगले आले. नळीतून येणारं हिरवं पाणी कमी झालं. अभिराम हळूहळू विरघळला. संध्याकाळी तर तो नर्सला समजावत होता, “न कापणं हीच खरी सर्जरी, सिस्टर.”

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्ड शांत होता. हौसाक्का ओरडत नव्हत्या. डोळे मिटून पडल्या होत्या. नाडी जरा जलद होती, पण दोन दिवसांच्या उपाशी माणसाची असायचीच.

अभिराम जवळजवळ धावतच गेला. “बाई, तुमचं बरोबर होतं! कळा थांबल्या.”

बाई खाटेपाशी येऊन वाकल्या. “हौसाक्का, कळ गेली?”

हौसाक्कांनी डोळे अर्धवट उघडले.

“गेली न्हाई... आधी यायची, जायची. मधी दम खायला मिळायचा. आता ती जातच न्हाई, बाई. बसूनच हाय. वरडायला जोर न्हाई ऱ्हायला...”

बाईंनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवला. डोळे मिटून दोन-तीन मिनिटं ऐकलं. मग तो आपल्या कानांतून काढून अभिरामच्या कानांत घातला.

“ऐक.”

काल याच पोटात केवढी गडगड होती! आज...

“काहीच ऐकू येत नाही, बाई.”

“नीट ऐक.”

“खरंच... काही नाही.”

“तेच. आतडं हलायचं थांबलंय,” बाई उठल्या. “थिएटर तयार करायला सांग. आत्ता.”

“पण कालचे रिपोर्ट... तुम्हीच म्हणालात थांबायचं!”

“काल म्हणाले होते.”

अर्ध्या तासात पोट उघडलं. दोऱ्याएवढा बारीक एक पट्टा, आणि त्याच्या फासात अडकलेलं आतड्याचं वेटोळं. जांभळाच्या रंगाचं. अभिरामच्या मनात आलं, दुपारपर्यंत थांबलो असतो तर...

बाईंनी कात्रीनं फास कापला. एकदाच.

आजूबाजूला आणखी सात-आठ पट्टे दिसत होते. अभिरामची कात्री तिकडे वळली. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“त्यांनी तुझं काय केलंय?”

त्यानं कात्री मागं घेतली. “निदान हे काळं पडलेलं आतडं तरी काढायला हवं ना?”

बाईंनी कोमट सलाइनमध्ये भिजवलेलं कापड त्या वेटोळ्यावर पांघरलं आणि वर दोन्ही हात ठेवले.

“थांब.”

पुन्हा थांबायचं! भिंतीवरचं घड्याळ पुढं सरकत होतं. पाच मिनिटं. दहा.

बाईंनी कापडाचा कोपरा उचलला.

जांभळा रंग उतरत होता. एका कडेनं गुलाबी छटा आली, पसरत गेली. आणि मग त्या वेटोळ्यातून एक लाट सरकली... संथ, ओली, कुणी न सांगता. तिच्यामागून दुसरी.

अभिरामनं शेकडो पोटं आतून पाहिली होती. हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. कदाचित तो कधी इतका वेळ बघतच राहिला नव्हता. मास्कच्या वर त्याचे डोळे भरून आले. कशानं, ते त्याला सांगता आलं नसतं.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी हौसाक्का उठून बसल्या आणि वाटीभर पेज प्याल्या. अभिरामचा पंजा हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. “हात चांगला हाय, पोरा,” त्या म्हणाल्या.

तो बाहेर आला. बाई बेसिनपाशी हात धूत होत्या.

“बाई, पहिल्या दिवशी मी कापायला निघालो, तेव्हा चुकलो. तिसऱ्या दिवशी थांबायला निघालो, तेव्हाही चुकलो. कधी थांबायचं आणि कधी कापायचं... तुम्हाला ते कळतं कसं?”

बाईंनी नळ बंद केला. एकेक बोट सावकाश पुसलं.

“कळत असतं, तर मी हौसाक्कांच्या उशाशी बसून राहिले असते का?”