साळुंकीने आणलेला हत्ती

फार फार पूर्वी, पाखरे निरोप घेऊन गावोगाव उडत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी, कारण हिच्यात फसतो तो मोठाच माणूस.

नदीच्या वळणावर कुंभारांचे एक गाव होते. गावाला आपल्या मातीचा फार अभिमान. इथला रांजण उंटावरून पडला तरी फुटत नाही, असे गावकरी सांगत. थोडे वाढवून सांगत, पण अगदीच खोटे नव्हते.

मडकी भाजायची मोठी भट्टी मात्र गावात एकच होती. ती आधी कुणी पेटवायची यावरून भांडणे नकोत, म्हणून तिथे सोडत काढायची रीत होती. प्रत्येक घर मातीची एक चकती करी, तिच्यावर आपली खूण उमटवी आणि वाळल्यावर तिचे दोन तुकडे करी. एक तुकडा सगळ्यांदेखत चावडीवरच्या माठात टाकायचा, दुसरा घरच्या कोनाड्यात जपून ठेवायचा. ज्याचा तुकडा माठातून निघे, त्याने घरचा तुकडा आणून जोडून दाखवायचा. कडा जुळल्या की भट्टीचा मान त्याचा. या रीतीमुळे गावात कधी तंटा झाला नाही, आणि पाहुणा आला की त्याला पाणी द्यायच्या आधी ही रीत ऐकवली जाई.

या गावात म्हादबा कुंभार आणि त्याची बायको भागाबाई राहत होती. त्यांच्याकडे दोन गाढवे होती, एक तांबडे आणि एक करडे. माती लांबच्या खाचरातून आणावी लागे. गाढवे होती म्हणून माती होती, आणि माती होती म्हणून चूल पेटत होती.

एके सकाळी म्हादबा एकटाच चाकावर बसला होता. तेवढ्यात एक साळुंकी कुंपणावर येऊन बसली आणि घडाघडा बोलू लागली.

"हे भाग्यवंता, तुझं नशीब उघडलं! महाराजांच्या मोठ्या सोडतीत तुझा नंबर लागला. तुला हत्ती मिळाला! नाक्यावरची जकात म्हणून एक गाढव वेशीबाहेरच्या पिंपळाला बांध. दिवस मावळायच्या आत बांध. आणि कुणाला सांगू नकोस, लोक जळतात."

म्हादबाची छाती फुगली. आपल्या रांजणांची कीर्ती अखेर राजवाड्यापर्यंत गेली, असे त्याला वाटले. एका गाढवाच्या बदल्यात हत्ती! तो गुपचूप उठला आणि तांबडे गाढव पिंपळाला बांधून आला. भागाबाईला त्याने सांगितले, गाढव चरायला सोडले आहे.

दुसऱ्या दिवशी हत्ती आला नाही. साळुंकी आली.

"हे भाग्यवंता, हत्ती वेशीपर्यंत आलाय! पण माहूत अडून बसलाय. त्याच्यासाठी अजून एक गाढव बांध. नाही बांधलंस तर हत्ती परत जाईल."

आता शहाण्या माणसाने इथे थांबावे की नाही? पण एक गाढव गेले की माणसाला वाटते, दुसरे दिल्याशिवाय पहिलेही वाया जाईल. म्हादबा करड्याचे दावे सोडू लागला. तेवढ्यात भागाबाई पाण्याची घागर घेऊन दारात आली.

"अवो, त्याला कुठं घेऊन निघालात? आन् तांबडं अजून परतलं न्हाई ते?"

म्हादबा आधी चाचरला, मग त्याने सगळे सांगून टाकले. भागाबाईने घागर खाली ठेवली.

"हत्ती? आपल्या अंगणात? एवढी कच्ची मडकी मांडलीत, तो कुठं उभा ऱ्हाणार?"

"तुला कळत न्हाई. राजाच्या सोडतीत आपला नंबर लागलाय."

भागाबाई घरात गेली, कोनाड्यातला चकतीचा तुकडा घेऊन आली आणि तिने तो नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो आपल्या भट्टीच्या सोडतीचा. राजाच्या सोडतीचा तुकडा कुठं हाय? त्याच्या माठात आपण चकती टाकली कधी?"

म्हादबाने तो तुकडा उलटासुलटा करून पाहिला.

"आन् त्या पाखरानं तुमचं नाव तरी घेतलं का?" भागाबाईने विचारले. "भाग्यवंता काय, कुणालाबी म्हणता येतं."

म्हादबाने करड्याचे दावे परत बांधले. तो ओट्यावर बसला. "माझं तांबडं गेलं," एवढेच तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "गावात सांगू नगंस. हसं होईल."

"होऊ द्या हसं," भागाबाई म्हणाली. "उद्या ते पाखरू दुसऱ्याच्या दारात बसलं, तर गप ऱ्हायल्याची लाज जास्त वाटंल."

म्हादबा उठला. त्याने चावडीवर सगळे गाव गोळा केले. त्यांच्यापुढे उभे राहून त्याने आपली फजिती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. त्याने काही लपवले नाही. मागे कुणीतरी फिसकन हसले.

तेवढ्यात गर्दीतून येसबा पुढे आला. गावात सर्वात मोठ्या बढाया मारणारा तोच. त्याच्या हातात त्याच्या गाढवाचे दावे होते.

"हसू नका," तो मान खाली घालून म्हणाला. "मी आत्ता पिंपळाकडंच निघालो होतो. मलाबी हत्ती लागलाय."

मग एकेक जण बोलू लागला. साळुंकी जवळजवळ प्रत्येक कुंपणावर बसून गेली होती. गावाला इतके हत्ती लागले होते की बांधायला जागा पुरली नसती.

सगळे गाव पिंपळाकडे धावले. झाडामागे दबा धरून बसलेला ठक एवढी माणसे पाहून साळुंकीसकट पिंजरा तिथेच टाकून डोंगरापलीकडे पळाला. तांबडे गाढव काही सापडले नाही. ते कायमचे गेले.

पण त्या दिवसापासून म्हादबाच्या मातीची एक खेप आळीपाळीने दुसऱ्या घराचे गाढव आणू लागले. पाटील म्हणाले, "म्हादबा, तुझ्यामुळं गाव वाचलं. या खेपेला भट्टीचा मान तुझा. सोडत नगं."

म्हादबाने मान हलवली. "न्हाई पाटील. माझा तुकडा निघंल तेव्हाच मी भट्टी पेटवीन. चकती न टाकता मिळणारं मी एकदा घ्यायला जाऊन बघितलंय."

हे ऐकून भागाबाईला नवऱ्याचा जितका अभिमान वाटला, तितका त्याच्या कोणत्याही रांजणाचा कधी वाटला नव्हता. गावालाही तसेच वाटले.

साळुंकीला मात्र कुणी दगड मारला नाही. शिकवले ते बोलणारे पाखरू ते, त्याचा काय दोष? भागाबाईने तिला पेरूच्या फोडी भरवत भरवत नवा निरोप शिकवला आणि पिंजऱ्याचे दार उघडले.

पुढे कधीतरी मिठाचा एक व्यापारी गावात आला आणि सांगू लागला, "आमच्याकडे नवलच झालं. एक ठक आमच्या सावकाराला घोडा लागला म्हणून सांगत होता. तेवढ्यात छपरावरून एक साळुंकी ओरडली, 'चकती टाकली कधी? चकती टाकली कधी?' सावकाराला चकतीची रीत ऐकून ठाऊक होती, त्यानं ठकाला तिथंच धरलं."

म्हादबाने चाक थांबवले, मातीचे हात धोतराला पुसले आणि ताठ मानेने म्हणाला, "ती आमच्या गावची साळुंकी हाय."

तात्पर्य: ज्या सोडतीत आपण भाग घेतला नाही तिचे बक्षीस आपल्याला लागत नाही, आणि ते देतो म्हणून आधी काहीतरी मागणारा ठकच असतो.