शेवटच्या वावराची हाक

ऐका पाटाई, तुमची कहाणी. आटपाट डोंगर होता. पौष लागला होता. आभाळ कोरडं ठणठणीत, वारा बोचरा, दवसुद्धा पडलं नव्हतं. गहू पोटरीत येऊन पाण्याची वाट बघत होता.

डोंगरात ओढा, ओढ्याला बांध, बांधाला पाट, पाटावर साठ वावरं. चांगो म्हातारा पाटकरी. पाळीपाळीनं पाणी सोडायचा. त्याचं वावर बांधाला लागून, सगळ्यांत वर. ठमाईचं सगळ्यांत खाली. चांगोनं पाटाईचा, पाटाच्या देवीचा, वसा घेतला होता. पाणी आधी शेवटच्या वावराला, मग वरवर, आपल्याला सरतेशेवटी. भिजवण झाली की ठमाई हाक द्यायची, “माझं भिजलं, आता तुमचं.” हाक वावरावावरानं वर चढायची. पाणी खालपर्यंत पोचायचं, म्हणून साठही घरं पाट उपसायची, बांधातली खेकड्यांची बिळं चिखलानं लिंपायची.

राजानं बांधाशेजारी बाग लावली. मग प्रधान आला. “म्हातारबाबा, शेला घ्या. पहिलं पाणी राजाला, दुसरं तुम्हाला.”

“शेला नको. राजाची बाग माझ्या शेजारी, तर पाळीही माझ्या शेजारी.”

मग कोतवाल आला. “फावडं काढून घेईन.”

“घ्या. हातानं दारं धरीन.”

ठमाई डोंगर चढून आली. “चांगोबा, तोंडात दात नाही, अन् राजाला चावायला निघालात. द्या की त्याला एक पाळी.”

“अन् तुझा गहू?”

“वाळंल. मीही वाळलेच आहे.”

“तू हाकेपुरता घसा ओला ठेव,” चांगो म्हणाला.

मग राजा आला. पाटातून बागेकडं दार फोडलं होतं, चांगो त्या दारात, गार पाण्यात मांडी घालून बसला.

“ऊठ.”

“उठवा.”

चौघा शिपायांनी त्याला उचलून काठावर ठेवलं. पाणी बागेत गेलं. चांगो म्हणाला, “राजा, पाणी नेलंस. हाक कुठून आणशील?”

पहिल्या दिवशी बाग भिजली, पाट कुणी उपसला नाही. दुसऱ्या दिवशी बाग भिजली, बिळं कुणी लिंपली नाहीत. तिसऱ्या दिवशी खेकड्यांनी बांध पोखरला. बांध फुटला, पाणी ओढ्यानं निघून गेलं. शिपायांनी चिखल टाकला, तो वाहून गेला. बाग माना टाकू लागली.

राजा काठावर आला. “बाबा, उपाय सांग.”

“उपाय नाही, वसा आहे. पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.”

“उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.”

“मग डोक्यावर पाटी घे. ठमाईच्या वावरापासून लाग.”

राजानं गाळाची पाटी उचलली. एक वळण उपसलं, दोन उपसली, तीन उपसली. ते बघून साठ घरांची फावडी बाहेर पडली. पाट मोकळा झाला, बांध लिंपला. राजाला पाळी मिळाली एकसष्टावी.

चांगोनं पाणी सोडलं. आपल्या सुकत्या गव्हात उभा राहिला, खालच्या वावरांकडं कान लावून.

जसं शेवटचं वावर आधी भिजलं, तसं तुमचंआमचं भिजो. जसा चांगो ठाम राहिला, तसे तुम्हीआम्ही राहू. ही साठ वावरांची कहाणी पाच बोलांत खालपर्यंत पोचली, सुफळ संपूर्ण झाली. आता बांधाकडं तोंड करावं, पाटात तांदूळ सोडावे, आणि ठमाईनं त्या दिवशी दिली ती हाक द्यावी:

“चांगोबा, माझं भिजलं. आता तुमचं.”