धुरपाई बंधाऱ्यावर भांडली

फार वर्षांपूर्वी आपल्या या गावात धुरपाई नावाची बाई राहायची. ती बोलायला लागली की परसातल्या कोंबड्या पळायच्या. शेजारणींनी तिच्या बाजूच्या खिडक्या कायमच्या बुजवून टाकल्या होत्या, असं म्हणतात. पण धुरपाईला विचारलं, तर ती म्हणायची, "मी बाई गरीब. कुणाला उलटून बोलत नाही." आणि हे तिला अगदी खरं वाटायचं.

एका वर्षी वरच्या गावच्या इनामदाराने बंधाऱ्याच्या तोंडाशी मोठी शिळा लावली आणि पाटाचं सगळं पाणी आपल्या उसाला वळवलं. कुणाच्या बापाची नदी होती ती? खालची शेतं करपली, वासरं मेली. गावातली मोठी माणसं तीनदा हात जोडून गेली, तीनदा इनामदाराकडचं ताक पिऊन परत आली आणि "माणूस तसा चांगला आहे" म्हणत पारावर बसली. दावणीला गुरं हंबरत होती, तरी बसली.

शेवटी धुरपाई उठली. "मी जाते. मी गोड बोलेन." सोबत सून रखमा गेली.

बंधाऱ्यावर इनामदाराची माणसं होती. धुरपाई त्यांच्याशी बोलू लागली, तसा समोरच्या उंच कड्यातून एका बाईचा कर्कश आवाज येऊ लागला. धुरपाई थबकली.

"कोण गं ही भांडखोर?"

रखमाने मान खाली घातली. "आत्याबाई, तो तुमचाच आवाज आहे. पंधरा वर्षं ऐकतेय मी."

धुरपाई तिच्याकडे वळली. म्हणाली, "एवढा आवाज मी तुझ्यावर घालवला? भाजीतल्या मिठावरून?"

मग तिने पदर खोचला आणि कड्याकडे तोंड केलं. करपलेल्या एकेका शेताचं, मेलेल्या एकेका वासराचं नाव घेतलं. कडा तिचा शब्द सातपट करून इनामदाराच्या घरावर टाकत होता. इनामदाराने कानात कापूस घातला, तर भिंती बोलू लागल्या, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी शिळा मधोमध तडकली आणि पाणी खाली धावलं.

पारावरची माणसं नंतर सांगत सुटली, "आम्हीच तिला पाठवली होती." खोटं आहे ते. एकही जण सोबत गेला नव्हता.

आजही पाटाला पाणी सोडायच्या दिवशी आपल्या बायका आधी बंधाऱ्यावर जातात. वर्षभरात जिच्यावर अन्याय झाला असेल, ती तो कड्याकडे तोंड करून सांगते, करणाऱ्याचं नाव घेऊन. पुरुषांनी खाली उभं राहून ऐकायचं. शेवटच्या बाईचं बोलणं संपल्याशिवाय पाणी सोडत नाहीत. मागच्या वर्षी संध्याकाळ झाली होती.