आजोबांचं पिवळं नाक

खूप खूप पूर्वी, डोंगराखालच्या एका गावात एक नियम होता. सकाळी फुलं उमलली की परसात ओल्या पाल्याचा धूर करायचा आणि दिसेल तो किडा केरसुणीनं झोडपायचा. का, ते विचारायचं नाही. नियम थोरल्या आजोबांनी घातला होता. त्यांना ‘का’ विचारणाऱ्याला त्या दिवशी गावात कुणी ताकसुद्धा देत नसे.

हे गाव एकेकाळी तांबड्या भोपळ्यांसाठी नावाजलेलं. पण नियम आल्यापासून चार वर्षांत एकही भोपळा धरला नव्हता. वेल मांडवभर पसरायचे, फुलायचे, काही फुलांखाली बोराएवढा भोपळाही दिसायचा, आणि तिसऱ्या दिवशी पिवळा पडून गळायचा. म्हाताऱ्यांनी वेलांची दृष्ट काढली. वेलांना तीट लावली. एकानं तर वेलासमोर बसून त्याला चांगलं तासभर समजावलं.

शेवटी गावात भोपळ्याची एकच बी उरली. आजोबांनी ती येसू नावाच्या पोरीला दिली, कारण तिच्या हाताला गुण होता.

“हा वेल गेला तर गावातून भोपळा गेला,” ते म्हणाले. “धूर चुकवू नकोस. आणि ही बारकी पोरं घे. त्यांना केरसुणी धरायला शिकव.”

वेल वाढला, फुलला. येसूनं पोरांना ओळीत उभं केलं. आता धूर पेटवणार, एवढ्यात चार वर्षांची पारू फुलात डोकावून ओरडली, “येसूताई, ही माशी बघ! हिनं पिवळी विजार घातलीय!”

येसू वाकली. मधमाशीच्या मागच्या पायांवर खरंच परागांचे पिवळे गोळे होते. ती उडाली, दुसऱ्या फुलात लोळली आणि थोडी पिवळी पूड सांडून निघाली. त्याच फुलाखाली बोराएवढा भोपळा होता.

“मारायची?” पारूनं केरसुणी उचलली.

“थांब गं. ती काय करते ते आधी बघू तरी.”

त्या दिवशी धूर झालाच नाही. पोरं पोटावर पडून पानाखाली बघत राहिली. तिथं ठिपक्यांचा एक लाल किडा वेलाचा रस शोषणारा मावा मटामट खात होता.

“ह्याला झोडपलं तर मावा कोण खाईल? तू?” येसूनं विचारलं.

“शी!” पारू म्हणाली, आणि तिनं केरसुणी स्वतःच लपवून ठेवली.

तिसरा दिवस आला. भोपळा गळला नाही. पंधराव्या दिवशी तो पारूच्या डोक्याएवढा झाला, आणि चहाडी आजोबांपर्यंत पोचली. चार म्हाताऱ्यांना घेऊन ते परसात आले. मागोमाग आजीही आली.

“नियम मोडलास?”

“मोडला.”

“का?”

“बघा, आता तुम्हीच ‘का’ विचारताय! माशीनं फुलाफुलांत पिवळी पूड नेली, म्हणून हा भोपळा धरला. मग धूर का करायचा, ते सांगा ना.”

“मी सांगतो म्हणून!”

आजी पदराआड हसली. “अहो, सांगून टाका की. नाकाला गांधीलमाशी चावली, वांग्याएवढं नाक घेऊन आठ दिवस घोंगडीत लपला होतात. नवव्या दिवशी नियम आला.”

“एवढीशी माशी भोपळा धरवते होय? कुठं आहे ती?” आजोबांनी रागारागानं फुलात तोंड खुपसलं. बाहेर आलं ते पिवळंधमक नाक. लगेच एक मधमाशी त्यावर येऊन बसली.

“हलू नका,” येसू म्हणाली. “तुम्ही फूल नाही, हे कळलं की जाईल ती.”

“कळायला किती वेळ लागेल गं ताई?” पारूनं विचारलं.

माशी गेली. आजोबांनी श्वास सोडला. “भोपळा राहू दे. पण नियम तो नियम. उद्यापासून धूर करायचा.”

“नाही करणार,” येसू म्हणाली. “झोडपणार नाही, आणि ह्या पोरांनाही झोडपायला शिकवणार नाही. कारण असेल तर सांगा.”

आजोबांनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी भोपळ्याकडे पाहिलं. परसात फक्त गुणगुण ऐकू येत होती.

पुढच्या वर्षी त्या भोपळ्याच्या बिया घरोघरी रुजल्या, आणि धूर एकाही परसात झाला नाही.

तात्पर्य: ज्याला ‘का’ सांगता येत नाही, त्यानं नियम घालू नये.