इनासची हलती तार

खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. वाळखाडीत इनास नावाचा पोरगा होता. मासे निवडायला बसवला तरी कान दर्याकडे. शेवटी आईने कंटाळून त्याला शहरात मिनोचेरशेटच्या पियानोच्या दुकानात चिकटवला.

शेटने त्याला दोन कामं शिकवली. विकायचं सोपं: आपलं तोंड बंद, गिऱ्हाइकाचं बोट पट्टीवर. सूर लावायचं अवघड. पियानोत एकेका सुराला दोन-तीन तारा. त्या जुळल्या नाहीत की आवाज लाटेसारखा हलतो. मग किल्लीने खुंटी फिरवत राहायचं, लाट निजेपर्यंत. इनास खुंटी फिरवायला लागला की शेटच्या चहावरची वाफसुद्धा थांबायची, असं म्हणतात. शेट म्हणायचा, चहाच गार असतो.

पुढे गावच्या सिसीलमायने लेकीच्या लग्नाला पियानो मागवला. ती तरुणपणी बंगल्यात कामाला होती. पियानो पुसता पुसता तिचे कान तयार झालेले. एकही सूर हलता चालायचा नाही, असा तिचा निरोप.

शेट इनासला म्हणाला, "डिकरा, पियानो परत आला तर तू नको येऊ."

बस्त्याव तांडेलच्या शिडाच्या पडावात पियानो चढला. खाडीच्या तोंडाशी वारा पिसाळला, पडाव आपटायला लागला, सगळे सूर उतरले. इनासने स्वतःला पियानोला बांधून घेतलं आणि किल्ली काढली. एक सूर निजला की एक लाट निजायची, असं म्हणतात. शेवटची तार जुळली आणि दर्या तेलासारखा झाला. शीड लुळं पडलं. उडता बगळा डोलकाठीवर येऊन बसला, त्यालाही पंखाखाली वारा मिळेना. लांब नवरदेवाची होडी उभी, तिच्यातले वाजंत्री पेंगलेले.

बस्त्याव म्हणाला, "दर्या निजवलास लेका. आता वल्हवायला तुझ्या शेटला बोलाव."

इनासने मधल्या सुराची एक तार केसभर सैल केली. शीड हळूच फुगलं.

मांडवात सिसीलमायचं बोट नेमकं त्याच पट्टीवर पडलं. "ही हलतेय," ती म्हणाली. "लाव, नाहीतर पियानो उचल."

शेटने तोंड बंद ठेवायला शिकवलेलं, पण इनासला राहवेना. "लावतो माय. पण मग वारा पडेल."

बायका खो खो हसल्या. एकीने तर विचारलं, शहरात तुला ताडी पाजतात का रे? इनासने गुपचूप किल्ली लावली. तार जुळत आली, तशा मांडवाच्या झावळ्या हलायच्या थांबल्या. धक्क्याच्या अलीकडे आलेली नवरदेवाची होडी जागच्या जागी थबकली. नवरी आईकडे बघायला लागली.

सिसीलमायने इनासचा हात धरला. "सोड रे ती तार. जावई येऊ दे आधी. सगळे घरी आले की लाव."

इनासने तार पुन्हा केसभर सैल सोडली, होडी आली, लग्न लागलं. पियानो राहिला, इनासची नोकरीही राहिली.

तो पियानो आता वाळखाडीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये आहे. शहरातून माणूस सूर लावायला येतो, तेव्हा बाया त्याला दारातच अडवतात आणि वस्तीत हाळी देतात, दर्यावर कोण कोण आहे? कुणीतरी असतंच. मग तो बाकीच्या तारा लावतो, इनासची तेवढी सोडतो आणि किल्ली पिशवीत टाकतो. सगळे घरी आलेत, असा दिवस वाळखाडीत अजून उजाडलेला नाही.