धाकोजी सुतार आणि दमलेलं पाणी

वीज अजून आमचा डोंगर चढली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. देवझरी गावात धाकोजी नावाचा सुतार होता. त्यानं वरच्या वाडीजवळ ओढ्यावर लाकडी चाक बसवलं, त्याला जुन्या मोटारीचा डायनामो जोडला आणि एका संध्याकाळी वाडीतल्या अकरा घरांत दिवे लागले. बायकांनी त्या दिव्यांना लांबूनच हळदकुंकू दाखवलं, असं म्हणतात.

खालच्या वाडीचं हिवाळी भात त्याच ओढ्यावर पिकायचं. तिथली सर्वांत थोरली येसूकाकी तरातरा चढून आली.

"दुधातलं लोणी काढलं की ताक उरतं. पाण्यातला उजेड तुम्ही काढून घेतलात. आता आमच्या भाताला काय ताक पाजू?"

"काकी, पाणी चाकाला नुसतं ढकलतं. त्यातलं काही कमी होत नाही."

"मग ढकलून ढकलून दमलेलं पाणी आमच्या वाटणीला होय रे, मेल्या?"

सगळे हसले, पण काकीमागून आलेल्यांच्या हातांत कुऱ्हाडी होत्या. धाकोजीनं चाकाखालचं पाणी ओंजळीत घेतलं. म्हणाला, "भात कापेपर्यंत मी याच पाण्यावर राहीन. मी खंगलो किंवा तुमचं भात खंगलं, तर चाक मीच फोडीन."

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी त्यानं व्रत धरलं. पिणं, रांधणं, आंघोळ, सगळं त्याच पाण्याचं. व्रतं मीही करते, पण असलं व्रत दुसऱ्या कुणी धरलेलं ऐकलं नाही. पौषात त्याचे पांढरे केस काळे व्हायला लागले, असं म्हणतात. माघात तिघांना न हललेलं सागाचं खोड त्यानं एकट्यानं खांद्यावर घेतलं. आणि शिमग्यापर्यंत भात एवढं वाढलं, की येसूकाकी शेतात शिरली की तिचा नुसता आवाज ऐकू यायचा. आता हे पाण्याचं, की त्याच्या निष्ठेचं? मला अजून उमगलेलं नाही.

कापणीच्या दिवशी काकीनं चाकाखाली ओंजळ धरली, प्यायली, आणि म्हणाली, "दमलंय कुठलं! हे तर खेळून आलंय."

चाकावरचं पाणी अडवायची-सोडायची फळी धाकोजीनं तिथल्या तिथे तिच्या हाती दिली.

आता गावात तारा आल्या, तरी त्या अकरा घरांचे दिवे चाकावरच लागतात. कापणीच्या संध्याकाळी खालच्या वाडीतली थोरली बाई ती फळी लावून चाक थांबवते. वरची वाडी अंधारात हात जोडून विचारते, "धाकोजीच्या नावानं, पाणी सोडता का?"

गेल्या वर्षी त्या थोरल्या म्हातारीनं फळी काढण्याआधी चहा मागवला. बशीत ओतून सावकाश प्यायली. वरची वाडी तोवर अंधारात हात जोडूनच उभी होती.