तीन चकत्यांचं कुलूप

“यातलं उघडायला सगळ्यात अवघड कोणतं, मास्तर?”

दिगंबरनं पाच कुलपं पायरीवर ओळीनं मांडली होती. सगळी आकड्यांची. चकत्या फिरवून आकडा जुळवला की उघडणारी. किल्ली कशालाच नाही.

मास्तर आत दाराशी स्टुलावर बसले होते, दिगंबर बाहेर उभा. मध्ये लोखंडी जाळीचं दार.

“उघडणार कोण?” मास्तरांनी विचारलं.

“म्हणजे?”

“स्टेजवर. कुलूप कोण उघडणार?”

“प्रेक्षकांतला एखादा. मी वर बोलावणार. तो मनातला आकडा सांगणार, तोच चकत्या फिरवणार, पेटी उघडणार. आत त्याचीच अंगठी.”

“मग त्याला विचार की. मला कशाला विचारतोस?”

दिगंबर हसला. काही पटलं नाही की तो असाच हसायचा.

अण्णाप्पा मास्तरांनी पन्नास वर्षं जत्रांतून आणि शाळांतून जादूचे खेळ केले. हात पाठीमागे बांधून कुलूप उघडावं तर त्यांनीच. आता जयसिंगपुरात तंबाखूच्या वखारीमागच्या गल्लीत ते आणि त्यांची बायको, दिगंबरच्या काकू, दोघंच राहत. दिगंबर सुतार त्यांचा शिष्य. हल्ली त्याच्या पोस्टरवर ‘जादूसम्राट दिग्विजय’ असं छापलेलं असतं आणि सम्राटाच्या डोक्यावर मुकुटही असतो. मास्तरांनी ते पोस्टर एकदा पाहिलं होतं आणि काहीच बोलले नव्हते. न बोलता माणसाला किती टोचता येतं, ते मास्तरांकडून शिकावं.

“हे बघा.” दिगंबरनं पितळेचं, तळहाताएवढं कुलूप उचललं. “सात चकत्या. परदेशी आहे. एक कोटी आकडे होतात यात.”

“मोजून दाखवणार हाईस का लोकांना?”



मास्तरांनी डावा हात जाळीतून बाहेर काढला आणि शेवटच्या कुलपाकडे बोट केलं. ते तीन चकत्यांचं होतं, हलकं, बोटभर. दिगंबरनं ते नुसतं भरतीला आणलेलं.

“हे?”

“हे.”

“अहो मास्तर, हे पोरं सहलीच्या बॅगेला लावतात!”

“म्हणूनच.”

“लोक हसतील.”

“हसू देत. तुझं ते सात चकत्यांचं बघून लोक म्हणतील, कुलपातच काहीतरी हाय. हे बघून कुणाला तसं म्हणता येणार न्हाई. हे त्यांच्या घरात हाय.”

“पण...”

“टाळ्या कुणाला पायजेत? तुला का कुलपाला?”

दिगंबरनं पितळेचं कुलूप खाली ठेवलं.

“आणि वर आलेली एखादी म्हातारी असली तर?” मास्तर म्हणाले. “चष्मा घरी विसरलेली? सात चकत्या फिरवत बसंल बिचारी, सगळ्यांच्या देखत. मोठ्या आकड्यांचं घे. सैल चकत्यांचं घे. कुलूप घेताना पेटीकडं बघत बसू नये दिगंबर. उघडणाऱ्याचे हात बघावेत.”

सकाळचे अकरा वाजले होते. ऊन पायरीवर आलं होतं.

दिगंबर थोडा वेळ कुलपं इकडची तिकडे करत राहिला. मग म्हणाला, “मास्तर, मी कुलपासाठी आलो नाही.”

“ठाऊक हाय.”

“आज संध्याकाळी इचलकरंजीत खेळ आहे. मोठं नाट्यगृह आहे, सगळी तिकिटं गेली. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुमच्यासाठी ठेवलीय. गाडी कोपऱ्यावर उभी आहे.”

“मी येत न्हाई.”

“वीस वर्षं झाली मला वेगळं होऊन. तुम्ही माझा एकही खेळ बघितला नाही.”

“तू बोलावलं न्हाईस.”

“नाही बोलावलं. माजलो होतो. नंतर बोलवायचं तोंड राहिलं नाही. आणि आता...”

काकूंनी फोनवर सांगितलं होतं त्याला. मास्तरांना विसरायला होतंय. मध्येच अर्धा-पाऊण तास कुणालाच ओळखत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभरात हे रोजचंच होईल.

“बोल की,” मास्तर म्हणाले. “तोंडानं म्हटलं म्हणून ते वाढत न्हाई.”

“आता वेळ राहिला नाही, मास्तर.”

“व्हय. न्हाई राहिला.”

मास्तर हे इतक्या साधेपणानं म्हणाले की दिगंबरला त्यांच्याकडे बघवेना. त्यानं नजर खाली वळवली, आणि तेव्हा त्याला त्यांचा उजवा हात दिसला.

तो हात मघापासून जाळीतून बाहेरच होता. दाराला बाहेरून कुलूप होतं. तीनच चकत्यांचं. मास्तरांची बोटं त्या चकत्यांवर टेकलेली होती आणि बारीक थरथरत होती. चकत्या मात्र हलत नव्हत्या.



याच बोटांनी त्याच्या डोळ्यांदेखत पोलिसांच्या बेड्या काढल्या होत्या. भरल्या जत्रेत, पोत्यात शिरून. आणि आज हा माणूस पोरांच्या बॅगेच्या कुलपापुढं हरून बसला होता! काकू याला घरात कोंडून जातात आणि हा सकाळपासून एक चकती फिरवायला धडपडतोय...

त्यानं मास्तरांची बोटं हलकेच बाजूला केली. कडी जराशी ताणली. चकती फिरवली, खरा आकडा आला तशी ती किंचित अडली. दुसरी. तिसरी. दहा मोजायच्या आत कुलूप त्याच्या हातात आलं.

“निघालं, मास्तर!” लहान मुलाशी बोलावं तसा तो बोलला. “चला आता.”

मास्तर उठले नाहीत.

ते उघड्या कुलपाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

“कुणी सांगितलं होतं तुला?”

“तुम्ही अडकला होता ना...”

“दे इकडं.”

मास्तरांनी कुलूप हातात घेतलं, खटकन बंद केलं, तळहातावर चकत्या फिरवून सगळे आकडे मोडले. मग दोन्ही हात पाठीमागे नेले आणि दिगंबरच्या तोंडाकडे बघत राहिले. पाच मोजून होतात न होतात तोच कुलूप उघडून पुढं आलं.

त्यांनी ते जाळीतून बाहेर दिलं.

“लाव.”

“मास्तर...”

“दाराला लाव.”

दिगंबरनं लावलं. आपल्या हातानं आपल्या गुरूला कोंडताना त्याला कसंसंच झालं. चकत्या फिरवायला तो विसरला. मास्तरांनी बोट घालून त्या फिरवल्या.

“मग मघापासून काय करत होता तुम्ही?”

“रियाज.”

“कसला?”

“न उघडण्याचा.”

दिगंबर जाळीजवळ सरकला.

“पन्नास वर्षं या बोटांना एकच शिकवलं. कुलूप दिसलं की उघड.” मास्तर स्वतःच्या हाताकडे बघत होते. “आता डोकं चाललंय. बोटं जायची न्हाईत, त्यांना काही झालेलं न्हाई. एखाद्या दिवशी मी माझ्या ध्यानात नसंन आणि ती आपली आपण उघडतील. मी चालू लागंन. म्हणून रोज बसतो. हात ठेवायचा. कडी ताणायची. चकती अडली की कळतंय... तिथंच थांबायचं.”

“जमतं?”

“आज जमत आलं होतं.”

दिगंबरनं मान खाली घातली. वीस वर्षांत पहिल्यांदाच, असं म्हटलं तरी चालेल.

“संक्रांतीच्या मागं मी असाच गेलो होतो,” मास्तर म्हणाले. “तिसऱ्या दिवशी कुडचीच्या स्टेशनात सापडलो म्हणे. मला त्यातलं काही आठवत न्हाई. परत आल्यावर हिचे पाय बघितले, तेवढं आठवतंय. चप्पल कुठंतरी तुटली होती. तशीच हिंडली होती दोन दिवस.”

“मला फोन करायचा होता.”

“केला होता. तुझा दौरा होता.”

दिगंबरला तो फोन आठवला. त्यानं तो उचलला नव्हता.

वखारीत कुणीतरी पोती आपटत होतं.

“खाणावळीत भाकऱ्या थापायला जाती ती,” मास्तर म्हणाले. “न जाऊन भागत न्हाई. म्हणून कुलूप घ्यायला गेलो. ती म्हणत होती, किल्लीचं घेऊ, मोठ्ठं. मी हे काढलं. किल्ली ती हरवती. आणि तिला दिसत न्हाई धड. याचे आकडे मोठे हाईत, चकत्या सैल हाईत.”

“आणि काकूंना ठाऊक आहे? तुम्हाला हे उघडता येतं ते?”

मास्तरांनी मान हलवली. नाही.

“दुकानात तिनं हे माझ्या हातात दिलं. म्हणाली, आधी तुम्ही उघडून दाखवा. मी लई खटपट केली. फिरवली, उलटी केली, दातानं ओढायला गेलो. दुकानदारानंसुद्धा तोंड फिरवलं.” ते जरासे हसले. “तेवढा चांगला खेळ मी जन्मात केला न्हवता.”

“मग?”

“मग ती रडली रे. तिथंच, काउंटरला धरून. तिला वाटलं, हेसुद्धा गेलं माझं.”

“आणि तुम्ही...”

“मी काय करणार? उघडून दाखवू?”

दिगंबरच्या डोळ्यांतून पाणी आलं. सम्राटानं ते शर्टाच्या बाहीनं पुसलं.

“मास्तर, आज चला,” तो म्हणाला. “मी घेऊन जातो, मी आणून सोडतो. तुमचा हात सोडणार नाही.”

“तू स्टेजवर असशील. हात कोण धरणार?”

“माणूस देतो शेजारी.”

“आणि मी मध्येच उठून, हे कुणाचं घर, म्हणून ओरडलो तर? तू काय करशील?”



“खेळ टाकून खाली येशील,” मास्तरच म्हणाले.

“येईन.”

“म्हणून येत न्हाई.” मास्तरांनी जाळीतून हात बाहेर काढला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. “तुझा खेळ बघायचा होता रे मला. लई बघायचा होता. तू बोलावशील म्हणून वाट बघितली. आता उशीर झाला, त्याला काय करायचं.”

दिगंबर पायरीवर खाली बसला. कुलपं एकेक करून पिशवीत भरली. तीन चकत्यांचं तेवढं खिशात टाकलं.

गल्लीच्या तोंडाशी काकू दिसल्या. हातात डबा, पदर डोक्यावर. सावकाश चालत होत्या, एका पायावर जरा जोर देत.

“दिगंबर! कवा आलास रे? आणि उन्हात का बसलायस? नंबर सांगितला असता की मी फोनवर. उघडून आत बसायचं.”

“आत्ताच आलो काकू.”

त्यांनी डबा पायरीवर ठेवला. चष्मा कपाळावरून खाली ओढला, कुलूप उन्हाकडे धरलं आणि ओठ हलवत एकेक चकती फिरवली. हाताला पीठ होतं. कडी सुटली.

“एवढं एक बरं झालं बघ,” दार सरकवत त्या म्हणाल्या. “कुलूप चांगलं निघालं. कामावर हात तरी चालतो माझा.”

त्यांनी मास्तरांना स्टुलासकट जरा आत नेऊन बसवलं, कपाळाला हात लावून पाहिला, सदऱ्याचं बटण नीट केलं. मग दाराशी परत येऊन हळू आवाजात बोलू लागल्या, मास्तर चार हातांवर बसलेले असतानाही.

“तुझ्याशी बोलले का काय? न्हाई बोलले तर वाईट वाटून घेऊ नकोस. कुठल्या कुठं गेला रे माणूस. बेड्या काढायचा हा. आणि आता हे पोरांचं कुलूप...” हातातलं कुलूप त्यांनी पदरानं उगीचच पुसलं.

दिगंबरला ते सोसलं नाही. या बाईचं एवढं एक दुःख तरी खोटं होतं, आणि ते आपल्याला एका वाक्यात पुसता येईल, असं त्याला वाटलं.

“काकू, ऐका. मास्तरांना अजून...”

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मास्तर उठून दाराशी आले होते. त्यांनी दिगंबरकडे पाहिलंसुद्धा नाही. काकूंच्या हातातलं उघडं कुलूप त्यांनी दोन बोटांत धरून वर उचललं, खालून पाहिलं, वरून पाहिलं, कडी ओढून पाहिली. मग पहिल्या रांगेतल्या माणसासारखं तोंड उघडं टाकून बायकोकडे पाहत राहिले.

“हे कसं गं उघडलंस?”